बाळाची फाइल आईच्या हाती



पाचव्या दिवशी रात्री पाटा-वरवंटा मांडून आपण सटवाईची पूजा करतो. शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. पूजेबद्दल माझी काही तक्रार नाही. चार बायका जमतात, बाळंतिणीला बरं वाटतं. तक्रार आहे ती पुढच्या एका वाक्याबद्दल. बाळाचा एक हात हलत नाही, बाळ उशिरा रडलं, दूध ओढत नाही, असं काही निघालं की घरातली वडील मंडळी म्हणतात, "सटवाईनं लिहिलंय, आपण काय करणार!" आणि विषय तिथंच मिटतो.

नाहीतर दोष येतो बाळंतिणीवर. "ग्रहणात हिनं भाजी चिरली," "सातव्यात प्रवास केला." टाके अजून ओले आहेत, आणि ती बिचारी मान खाली घालून ऐकते. तिसरा प्रकार अलीकडे फार वाढला आहे. पुरुष मंडळी जमतात, दवाखान्याच्या काचा फुटतात, डॉक्टरांना धक्काबुक्की होते.

या तिन्ही गोष्टींत एक प्रश्न विचारायचा राहूनच जातो. नक्की काय झालं, आणि आता बाळासाठी काय करता येईल? आज त्याच प्रश्नाबद्दल लिहिते आहे. क्रम एवढाच लक्षात ठेवा: आधी बाळ, मग कागद, मग कायदा. आणि गंमत अशी, की जो कागद बाळाच्या उपचाराला लागतो, तोच पुढे कायद्यालाही लागतो.

इजा म्हणजे काय काय

जन्म ही बाळालाही कष्टाचीच गोष्ट आहे. वाटेत डोक्यावर दाब येतो, त्यामुळे जन्मलेल्या बाळाचं डोकं लांबट किंवा सुजलेलं दिसतं. ही सूज दोनतीन दिवसांत उतरते. दुसऱ्या एका प्रकारात कवटीच्या हाडावर रक्त साकळून गाठ येते. ती जन्मानंतर काही तासांनी दिसू लागते आणि जिरायला काही आठवडे लागतात. ती चोळायची नाही, शेकायची नाही, आणि सुई टोचून "पाणी काढायचं" तर मुळीच नाही. ते रक्त जिरताना कावीळ वाढू शकते, एवढं मात्र डॉक्टरांना दाखवत राहायचं.

बाळ अंगानं मोठं असलं तर कधी डोकं बाहेर येतं पण खांदा अडकतो. अशा वेळी गळपट्टीचं हाड मोडू शकतं. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण ते हाड बहुधा दोनतीन आठवड्यांत आपोआप जुळतं. याहून काळजीची गोष्ट म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना बसलेली ओढ. अशा बाळाचा हात खांद्यापासून लुळा पडतो, आत वळतो, आणि बाळ दचकलं तरी तो हात वर येत नाही.

आणि सर्वांत गंभीर इजा म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडणं. असं बाळ जन्मल्यावर रडत नाही, अंग ढिलं असतं, पहिल्या एकदोन दिवसांत आकडी येते. यातली कित्येक बाळं पुढे ठणठणीत होतात, तर काहींना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवरचा ताबा कमी असणं, हा त्रास उरतो. पण सेरेब्रल पाल्सीचं प्रत्येक मूल बाळंतपणात झालेल्या चुकीमुळेच तसं झालं, असं नाही. फार लवकर झालेला जन्म, पोटात असताना झालेला संसर्ग, मेंदूच्या वाढीतलाच दोष अशीही कारणं असतात. कारण शोधायचं ते पुराव्यानं. आधीच ठरवून टाकायचं नाही.

आधी बाळ

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. उत्तर येत असलं की नेहमी डावा हात वर करतो. उजवा खांद्याच्या वर जातच नाही. त्याच्या आईशी बोलले. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी गेली होती. बाळ साडेचार किलोचं, खांदा अडकला होता. दवाखान्यात सांगितलं, "हात दबलाय, होईल बरा." घरी अंघोळ घालणाऱ्या बाईनं तेल लावून तो हात रोज ताणला. व्यायाम शिकवायला कुणाकडे न्यायचं असतं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं होतं, असं विचारलं, तर कार्ड माहेरी होतं आणि दिवाळीच्या साफसफाईत गेलं.

अशा हाताचं खरं शास्त्र काय आहे ते सांगते. पुष्कळ बाळांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. मात्र डॉक्टरांनी सांगितल्या वेळेपासून फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले हलके व्यायाम आईनं रोज करायचे असतात, नाहीतर सांधा आखडतो. तीन महिन्यांचं झालं तरी बाळ कोपरातून हात वाकवत नसेल, तर नसांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवायचं, कारण त्या शस्त्रक्रियेचा काळ पहिल्या काही महिन्यांतच असतो. "होईल बरा" या दोन शब्दांत तो काळ निघून जातो.

घरी आल्यावर पुढची लक्षणं दिसली तर रात्र आहे, अमावस्या आहे, बारसं उद्यावर आहे, असं काही पाहू नका. बाळ दूध ओढत नाही किंवा ओढायचं थांबलं. श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालतो, छाती आत ओढली जाते. आकडी येते. अंग तापतं किंवा गार पडतं. बाळ सुस्त, हलवलं तरी हालचाल कमी. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत कावीळ दिसली, किंवा केव्हाही तळहात आणि तळपाय पिवळे झाले. काविळीच्या बाळाला कोवळ्या उन्हात धरून बसणं हा उपचार नव्हे. फार चढलेली कावीळ मेंदूला आणि कानाला कायमची इजा करते, आणि निळ्या दिव्याखाली ठेवलं तर बहुतेक वेळा ती वेळेवर उतरते.

यासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जून २०११पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. आजारी नवजात बाळाचे औषधपाणी आणि रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोयही मोफत आहे, आणि ही सवलत पुढे एक वर्षाच्या बाळांपर्यंत वाढवली गेली. जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. तातडीची रुग्णवाहिका १०८ या क्रमांकावर मिळते.

आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना दारातूनच चहा देऊन परत पाठवू नका. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी बाळाला पाहायचं असतं. या पद्धतीचं मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांनी १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं.

एक न विचारलेला प्रश्न

आता चेन्नईची एक हकिकत सांगते. ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेली आहे. ३० ऑगस्ट १९९६ रोजी एग्मोरच्या सरकारी रुग्णालयात एक मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन १२५० ग्रॅम. साधारण पंचवीस दिवस काचेच्या पेटीत होती, प्राणवायू लावलेला होता. सप्टेंबरअखेर ती घरी आली. जीव वाचला म्हणून घरात केवढा आनंद झाला असेल! पण अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या वाढू शकतात. पहिल्या काही आठवड्यांत डोळे तपासले, तर उपचारानं दृष्टी वाचवता येते. ही तपासणी झाली नाही, आणि करून घ्या असं आईवडिलांना कुणी सांगितलंही नाही. काही महिन्यांनी कळलं तेव्हा उशीर झाला होता. मुलगी आंधळी झाली.

वडील दाद मागत राहिले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००९ मध्ये पाच लाख रुपये मंजूर केले. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही भरपाई सुमारे एक कोटी ऐंशी लाखांवर नेली. तोवर मुलगी अठरा वर्षांची झाली होती. पैशानं डोळे आले नाहीत, पण तिच्या पुढच्या आयुष्याच्या औषधोपचाराची सोय झाली.

या हकिकतीतून आपण घ्यायचं ते हे. तुमचं बाळ चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर ते महिन्याचं व्हायच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर दोनतीन आठवड्यांतच. घरी जाताना डॉक्टरांना सरळ विचारा, "डोळे कधी तपासायचे? कानाची तपासणी झाली का?" विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नाचा राग येत नाही.

मग कागद

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सोनोग्राफी सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या गावी, आणि बाळ आजारी पडलं तर तिसऱ्याच शहरात. कागद तीन ठिकाणी वाटले जातात. बाळंतविड्याची यादी आपण किती काळजीनं करतो, झबली, टोपडी, दुपटी, डिंकाचे लाडू! त्या यादीत एक जाड पुठ्ठ्याची फाइलही लिहा. सातव्या महिन्यात माहेरी जाताना ती पिशवीत हवी, आणि सासरी परतताना बाळाबरोबर परत यायला हवी.

फाइलमध्ये काय असावं? माता-बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणातल्या तपासण्या आणि सोनोग्राफीचे कागद. आईचं आणि बाळाचं अशी दोन वेगवेगळी डिस्चार्ज कार्डं. बाळाला दुसरीकडे हलवलं असेल तर तिथे पाठवतानाची चिठ्ठी. बिलं आणि पावत्या, औषधांच्यासुद्धा.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच, निघायच्या आधी वाचा. जन्माची वेळ, वजन, किती आठवडे भरले होते, प्रसूती कशी झाली, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला का, बाळ लगेच रडलं का, 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का, हे लिहिलेलं असावं. 'अपगार' असा एक शब्द दिसेल. अमेरिकेतल्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली ही गुण देण्याची पद्धत. रंग, नाडी, चेतना, अंगाचा ताठपणा आणि श्वास यांना शून्य ते दोन गुण, एकूण दहा. जन्मल्यावर एका मिनिटानं आणि पाचव्या मिनिटाला हे गुण देतात. पहिल्या मिनिटाला गुण कमी असले आणि पाचव्याला चांगले आले, तर घाबरायचं कारण नाही. नुसते गुण कमी आहेत एवढ्यावरून कुणाची चूक ठरत नाही, पण पुढच्या डॉक्टरांना ते आकडे फार उपयोगी पडतात.

बाळाला काही इजा झाली असेल तर एवढ्यावर थांबू नका. दवाखान्याकडे संपूर्ण केस पेपर असतात. त्यात कळांच्या काळातला प्रसूतीचा आलेख असतो, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी असतात, सिझेरियनचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आलं ते असतं. याच्या प्रती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णानं मागितल्यावर बहात्तर तासांच्या आत द्यायचे असतात. मुंबई उच्च न्यायालयानंही १९९६ साली, रुग्णाला कागद नाकारता येणार नाहीत, असा निकाल दिलेला आहे. तीन वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. पुढे कधीतरी मागू म्हणालात, तर कागद उरलेलेच नसतील.

अर्ज साधा असतो. असा लिहा: "माझी प्रसूती अमुक तारखेस आपल्या रुग्णालयात झाली. बाळाच्या पुढील उपचारासाठी माझ्या व बाळाच्या संपूर्ण केस पेपरच्या, प्रसूतीच्या आलेखाच्या व सर्व तपासण्यांच्या प्रती मिळाव्यात. झेरॉक्सचा खर्च देण्यास मी तयार आहे." खाली नाव, पत्ता, सही. दोन प्रती करा. एक द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही करता येतो.

आणि एक वही घाला. कोणत्या दिवशी, किती वाजता काय झालं, कोण काय म्हणालं, ते आठवतंय तोवर लिहून काढा. लिहिताना रागाचे शब्द नकोत, नुसत्या वेळा आणि घटना. "रात्री दहाला पाणी गेलं. पहाटे चारला डॉक्टर आले." महिन्यानंतर हे आठवत नाही, आणि बाळंतिणीला तर मुळीच नाही.

चूक कशाला म्हणायचं

वाईट झालं म्हणजे चूक झालीच, असं कायदा मानत नाही. सर्व काळजी घेऊनही खांदा अडकू शकतो, बाळ गुदमरू शकतं. डॉक्टरांचा अंदाज चुकला एवढ्यानं निष्काळजीपणा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली स्पष्ट केलं आहे. त्या जागी दुसऱ्या साधारण कुशल डॉक्टरांनी जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली गेली का, हे न्यायालय पाहतं. तासन्‌तास बाळाचे ठोके कुणी पाहिलेच नाहीत, धोका दिसत असून मोठ्या रुग्णालयात हलवलं नाही, सांगायची तपासणी सांगितलीच नाही, अशा गोष्टी निष्काळजीपणात येऊ शकतात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी फाइल घेऊन दुसऱ्या एखाद्या अनुभवी बालरोगतज्ज्ञांकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांनी "यात कुणाचा दोष नाही" असं समजावून सांगितलं, तर तेही मनावरचं ओझं उतरवणारंच असतं.

मग कायदा

दोष वाटत असेल, तर दाद मागायच्या जागा वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा' आहे आणि ती ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९९५मध्येच सांगितलं. आता २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्याप्रमाणे तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. उशिराचं सबळ कारण असलं तर आयोग मुदत वाढवू शकतो, पण त्यावर विसंबू नका. तुम्ही भरलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात. मागता त्या भरपाईची ही रक्कम नव्हे, दवाखान्याला दिलेल्या पैशांची. पाच लाखांपर्यंत बिल असेल तर फी नाही. वकील घेतलाच पाहिजे असंही नाही. आपल्या सोयीची मोठी गोष्ट म्हणजे, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बाळ माहेरच्या गावी जन्मलं म्हणून तान्ह्याला घेऊन दर तारखेला तिकडे फेऱ्या मारायला नकोत.

आईवडील आणि मूल, दोघांनाही भरपाई मागता येते. दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयात लहान मुलाला चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना, त्यांच्या मनस्तापाबद्दल, वेगळे पाच लाख कायम केले.

जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, असं रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. म्हणून सरकारची जबाबदारी संपते असं मात्र नाही. तेव्हाच्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात जुलै १९६३मध्ये एक बाई बाळंत झाली. पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात कापडाचा बोळा राहून गेला. ती बाई त्याच महिन्यात दगावली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला जबाबदार धरलं आणि ३६,००० रुपयांची भरपाई कायम केली. तेहेतीस वर्षं! अशा प्रकरणात वाट असते ती दिवाणी दाव्याची किंवा उच्च न्यायालयात अर्ज करण्याची. सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून इथे वकिलाचा सल्ला लवकर घ्या.

डॉक्टरांच्या वागणुकीची चौकशी व्हावी असं वाटत असेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी रद्द करू शकते, पण भरपाई देत नाही. पोलिसांत फौजदारी तक्रार हा शेवटचा आणि सर्वांत अवघड मार्ग. त्याला फार मोठा, ढळढळीत निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि पोलिसांनी आधी तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घ्यावं असा दंडक आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचण बायकांना तरी असायचं कारण नाही. १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दूरध्वनी क्रमांक १५१००. ग्राहक तक्रारीबद्दल माहिती १९१५ या क्रमांकावर मिळते.

तडजोडीचा कागद पुढे आला तर घाईनं सही करू नका. "एवढे घ्या आणि मिटवा" म्हणतात तेव्हा बाळ महिन्याचं असतं, आणि त्याला पुढे काय काय लागेल याचा अंदाज कुणालाच नसतो. आणि दगडफेकीनं काही साधत नाही. महाराष्ट्रात २०१०च्या कायद्याप्रमाणे डॉक्टर, नर्स किंवा रुग्णालयावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. ज्याच्यासाठी भांडायचं त्या बाळाचा बाप कोठडीत, असं व्हायला नको.

निकाल लागेपर्यंत

खटला वर्षानुवर्षं चालेल. बाळाला तेवढी वर्षं थांबता येत नाही. चार महिन्यांनंतरही मान धरत नाही, मुठी सतत घट्ट मिटलेल्या, पाय कात्रीसारखे एकावर एक, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मेंदू लहान वयात जेवढा शिकतो तेवढा पुढे शिकत नाही. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी मोफत होते. अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे व्यायाम, वाचा, कान, डोळे हे सगळं एका जागी पाहतात. सेरेब्रल पाल्सी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. त्याचं प्रमाणपत्र काढून घ्या. 'निरामय' योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. प्रमाणपत्र काढणं म्हणजे मुलावर शिक्का मारणं, असं कित्येक आज्यांना वाटतं. त्यांना समजावून सांगा, की तो कागद नातवाच्याच उपयोगाचा आहे.

सासूबाई, आत्याबाई, नणंदबाई, शेवटचं सांगणं तुम्हाला आहे. त्या दिवसांत बाळंतीण स्वतः दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहू शकत नाही. रात्रीची झोप नाही, अंगात ताकद नाही, मनात सारखं "माझंच काही चुकलं का" चाललेलं. तिला ग्रहणाची आठवण करून देऊ नका. तिच्याऐवजी तुम्ही अर्ज घेऊन जा, पोच घ्या, वहीत लिहा. आणि परत आल्यावर तिच्या हातात फाइल देऊन एवढंच म्हणा, "तुझं काही चुकलेलं नाही. आता याचं काय करायचं ते आपण बघू."